पाळण्यातला मॉनिटर

"येत्या रविवारी चार वाजता माझ्या नातवाचं बारसं हाय! आणि जर्मनीत न्हवं, हितं! माझ्या सोप्यात!"

कृष्णातनं ही घोषणा दूध कट्ट्यावर केली. तीही मैनेच्या कासेखाली बसून, धार काढता काढता! मैना म्हणजे त्याची लाडकी म्हैस. धारोष्ण दुधासाठी पेला घेऊन उभ्या असलेल्या दहा-बारा गिऱ्हाइकांनी मिशीवरचा फेस पुसला आणि एकमेकांकडं बघितलं.

"आरं, नातू जर्मनीत हाय न्हवं तुझा?"

"हाय की! त्यो तिथंच ऱ्हाणार. इंटरनेटवर बारसं! त्यो तिकडनं दिसणार, आम्ही हिकडनं दिसणार. माझी राजनंदिनी आत्या म्हणून हितनं त्याच्या कानात नाव सांगणार. सगळ्यांनी यायचं! बायका-पोरांसकट!"

"तुझ्या घरात नेट हाय व्हय?"

"येतंय की!" कृष्णात म्हणाला. म्हैस व्यायला आठ दिवस उरलेत, हे तो ज्या खात्रीनं सांगायचा, त्याच खात्रीनं. फरक एवढाच, की म्हशीतलं त्याला कळत होतं.

साल होतं दोन हजार सात. मे महिना. जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलानं, विजयसिंहनं, जाताना आपला जुना कॉम्प्युटर घरी ठेवला होता. त्यावर कृष्णातच्या बायकोनं, धोंडुबाईनं, विणलेलं झाकण घातलं होतं आणि दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. यापलीकडं त्या यंत्राला दुसरं काम नव्हतं.

पण आता प्रश्न इज्जतीचा होता. कृष्णातला नातवाचं नाव ठेवायचं होतं हंबीरराव. हे त्याच्या वडलांचं नाव. माणूस असा, की तालमीत शिरला की हौदातली माती आपणहून बाजूला सरायची, असं कृष्णात सांगायचा. (प्रत्यक्षात म्हातारा तालमीच्या दारात बसून बदाम खायचा, पण बापाबद्दल कोण खरं बोलतंय!) इकडं विहीणबाई मुलीच्या बाळंतपणाला पुण्याहून थेट जर्मनीला जाऊन बसल्या होत्या. त्यांना नाव पाहिजे होतं आर्यन.

"जर्मन लोकांना उच्चारायला सोपं पडतं हो," विहीणबाई फोनवर म्हणाल्या.

"मग जर्मन लोकांसाठी काढलंय काय पोरगं?" कृष्णात असा ओरडला, की रिसीव्हर नसता तरी जर्मनीत ऐकू गेलं असतं.

सासू आणि बाप यांच्या मधे सापडलेला विजयसिंह शेवटी रीतीच्या मागं लपला. कर्तबगार पोरं अडचणीत आली की रीतीच्याच मागं लपतात. तो म्हणाला, "आत्या कानात सांगेल ते नाव. रविवारी तुमच्याकडं चार, आमच्याकडं दुपारचे साडेबारा. राजू नेटवर आली, तर ती सांगेल ते नाव. नाही आली, तर इथं शेजारी नागपूरच्या एक बाई आहेत, त्या आत्या म्हणून उभ्या राहतील."

नागपूरच्या बाईंना विहीणबाईंनी आधीच दोन वेळा पुरणपोळी खाऊ घातली होती. म्हणजे नेट लागलं तर हंबीरराव, नाही लागलं तर आर्यन! ज्या घराण्यात आजवर राव, सिंह आणि राजे याखाली कुणी उतरलं नव्हतं, त्या घराण्याचं पुढचं सगळं आता एका यंत्रावरच्या हिरव्या दिव्यावर अवलंबून होतं.

आता नेट आणायचं कुठनं? गल्लीतला केबलवाला बाळासो टीव्हीच्या केबलीबरोबर इंटरनेटची वायरही द्यायला लागला होता.

"कृष्णातदा, वायर ती वायर!" बाळासो म्हणाला. "हाताला लागतिया, डोळ्याला दिसतिया. आलीया कुठनं, गेलीया कुठं, कळतंय. हवेतनं येणाऱ्या गोष्टीचा काय भरवसा? पाणी तुम्ही नळाचं पिता का हवेतलं?"

कृष्णातला पटलं. बाळासोचा बाप आणि कृष्णात एकाच तालमीत लंगोट बांधलेले. त्यानं सांगून टाकलं, "ये की मर्दा! शनिवारी जोडून टाक!"

घरी आला, तर सोप्यात मेव्हणा बसलेला. सयाजी, उचगावचा. हा माणूस आजवर विमा, पाण्याचे फिल्टर आणि गुडघेदुखीचं तेल विकून झाला होता, आणि आता बिनवायरच्या इंटरनेटचा एजंट झाला होता. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो, फोटोत टाय.

"दाजी, वायरीचा जमाना गेला!" सयाजी म्हणाला. "गच्चीवर एक पाईप उभा करायचा, त्यावर डबी. टॉवरकडं तोंड केलं की झालं. उंदीर कुरतडत न्हाय, माकड लोंबकळत न्हाय. आवो, तुमचा पोरगा जर्मनीला गेला तो काय वायरीवरनं चालत गेला? हवेतनंच गेला की!"

कृष्णातला हेही पटलं! शिवाय धोंडुबाई दारात पदर खोचून उभी होती, आणि भावाच्या धंद्याला नाही म्हटलं तर पुढचे पंधरा दिवस आमटीत मीठ राहणार नव्हतं.

"या की पावणं! शुक्रवारी जोडून टाका!"

निवड करायची म्हणजे काय? दोघांतल्या एकाला तोंडावर 'तुझं नको' म्हणायचं. कोल्हापूरचा माणूस भर चौकात शिवी देईल, कानाखाली जाळ काढेल, आणि वर चहा पाजेल. पण दारात आलेल्या ओळखीच्या माणसाला 'तुझं नको' म्हणायची त्याची छाती नाही! 'या की' हे दोन शब्द तोंडातून आपोआप पडतात आणि मग सगळं आयुष्य ते निस्तरण्यात जातं. कृष्णातनं मात्र आपण फार हुशारी केली असं मानलं. शुक्रवारी मेव्हणा, शनिवारी बाळासो. दोघांची गाठ पडायचं कारणच नाही!

शुक्रवारी सयाजी आला नाही. शनिवारी बाळासो आला नाही. का आले नाहीत हे विचारू नका. घरी येऊन काही जोडून देणाऱ्या जमातीचा 'शुक्रवार' आणि आपला शुक्रवार एकाच आठवड्यात येत नसतो.

रविवारी सकाळी अकराला दोघंही आले. एका मिनिटाच्या फरकानं!

बाळासो फटफटीवरनं आला, खांद्यावर वायरीचं भलंमोठं वेटोळं घेऊन. सयाजी रिक्षातनं आला. त्याच्या पाईपचं एक टोक रिक्षात होतं आणि दुसरं मागच्या रिक्षाच्या नाकात.

"कृष्णातदा, ह्यो पाईप कशाचा?" बाळासोनं विचारलं.

"नेटचा."

"दाजी, ही वायर कशाची?" सयाजीनं विचारलं.

"नेटचीच."

"दोन-दोन?"

कृष्णातनं फेटा नीट केला. बारशासाठी त्यानं सकाळी आठपासूनच फेटा बांधला होता. "असू द्या की! एक चाललं न्हाय तर दुसरं!"

"म्हणजे माझं चालणार न्हाय म्हणतासा?" दोघं एकदम म्हणाले. सवती एका घरात आल्यावर ज्या नजरेनं एकमेकींच्या बांगड्या मोजतात, त्या नजरेनं ते एकमेकांचं सामान बघत माडीवर गेले.

गच्चीवर धोंडुबाईच्या शेणी रचलेल्या होत्या. मैना आणि तिच्या तीन जोडीदारणींचं वर्षभराचं कर्तृत्व तिथं थापून, वाळवून, पुरुषभर उंचीचं उभं होतं. सयाजीनं पाईप उभा केला, डबी फिरवली, डोळे बारीक केले आणि खाली हाक मारली.

"आक्का! टॉवर कळंब्याच्या अंगाला हाय. मधी तुझ्या शेणी येताहेत. हलवाव्या लागतील!"

"टॉवर हलव!" खालून धोंडुबाई म्हणाली.

"अगं, टॉवर कसा हलवू?"

"मग शेणी कशा हालत्याल? पावसाळ्याचं सरपण हाय ते. नातवाचं बारसं एक दिसाचं, चूल रोजची!"

बहिणीपुढं सयाजीचं काही चालेना. तो शेणींच्या ढिगावरच चढला, पाईप कवटाळला आणि हात वर करून डबी कळंब्याकडं धरली. खाली यंत्रावर हिरवा दिवा लागला! सयाजीनं आनंदानं हात सोडला. दिवा गेला. परत धरला, लागला.

"दाजी, चालतंय!" तो ओरडला. "फकस्त मला खाली उतरता यायचं न्हाय!"

"मग उतरू नका की!" कृष्णात म्हणाला. "बारसं हुस्तोवर थांबा. वर घुगऱ्या पाठवतो!"

बाळासो हे बघून पोट धरून हसला. मग तो चार घरांच्या कौलांवरनं वायर खेचत आला, गोठ्याच्या वरनं ती आत घेतली. तिथं ताण देण्यासाठी त्याला खांब पाहिजे होता. समोर सयाजीचा पाईप आयता उभा होता. बाळासोनं वायर त्याच्याभोवती दोन वेढे देऊन गाठ मारली.

"ए! माझ्या पाईपला का बांधालाईस?"

"तात्पुरतं!"

उरलेल्या वायरीचा मोठा फास गोठ्यात लोंबत राहिला. बरोबर मैनेच्या कपाळासमोर.

"बाळासो, ही खाली लोंबाल्या," कृष्णात म्हणाला.

"तात्पुरतं हाय, कृष्णातदा! बारसं झाल्यावर खिळं मारतो."

आपल्या देशातले पूल, रस्ते आणि सरकारं ज्या शब्दावर उभी आहेत, तोच हा शब्द. 'तात्पुरतं'!

तीन वाजता बायका आल्या. चाळीस-पन्नास! कृष्णातनं बोलावलेल्या तेवढ्या, आणि त्यांनी बोलावलेल्या तेवढ्याच. त्यांच्या पुढं झुंबरबाई. वय ऐंशी. गल्लीतल्या तीन पिढ्यांची बारशी हिच्या हाताखालनं गेलेली. सोप्यात तुळईला पाळणा टांगला होता, झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. झुंबरबाईनं पाळण्यात वाकून बघितलं.

"रिकामा का?"

"बाळ जर्मनीत हाय, आज्जी," राजनंदिनी म्हणाली. ही कृष्णातची धाकटी. कागलला एका ऑफिसात नोकरी करायची. घरात सगळ्यात कमी बोलणारी, आणि म्हणूनच घरात कुणी तिला काही विचारत नसे. "त्या टेबलावर मॉनिटर हाय न्हवं, त्यात दिसणार त्यो."

"टेबलावर? बाळ टेबलावर ठेवतेत व्हय, गं? बारसं हाय का पंचनामा?" झुंबरबाई कडाडली. "रिकामा पाळणा हलवायचा नसतोय! बाळ त्यात दिसणार आसंल, तर ते यंत्र पाळण्यात ठेवा!"

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. कृष्णातला वाटलं, बरोबर आहे की! चौघांनी मिळून मॉनिटर उचलला. तेव्हाचा मॉनिटर म्हणजे काय आजच्यासारखा पापड नव्हे! पाठीमागं हे एवढं पोट. पाळण्यात ठेवल्यावर तुळई कण्हली. धोंडुबाईनं त्याला कुंची घातली. कुणीतरी काचेवर काजळाची तीट लावली.

तेवढ्यात पाळण्याला पहिला झोका बसला आणि मागची वायर निसटली.

"बघा!" वरनं, माडीच्या झरोक्यातनं, सयाजीचा आवाज आला. "म्हणून म्हणतो, बिनवायरचं घ्या! हलत्या पाळण्याला वायर चालत न्हाय!"

"आरं, मग लाईटची वायर काय तुझा बाप हवेतनं सोडणार हाय?" बाळासो खालनं गरजला.

"बाप काढायचं काम न्हाय!"

"मामा, निसटली ती मॉनिटरची वायर," राजनंदिनी शांतपणे म्हणाली. "नेट मॉनिटरात जात न्हाय. ह्या खालच्या डब्यात जातंय."

"मग त्यो डबा बी ठेवा पाळण्यात!" झुंबरबाईनं निकाल दिला. "आईपासनं लेकरू तोडताय व्हय?"

डबाही पाळण्यात गेला. त्याच्या अंगाशी बाळासोची वायर, सयाजीची वायर (बिनवायरच्या नेटलाही डबीपासून खोलीपर्यंत वायर लागते, हे तेव्हा सगळ्यांना कळलं आणि बाळासोनं त्यावर जे मत दिलं ते छापण्यासारखं नाही), लाईटच्या दोन वायरी आणि वर विजयसिंहनं पाठवलेला कॅमेरा. पाळण्यात बाळ निजलंय का ऑपरेशनचा पेशंट, हे सांगणं कठीण होतं.

साडेतीनला सगळं जोडून झालं. सयाजी शेणींवर पाईप धरून घामानं निथळत होता. त्याचा दिवा लागत होता, जात होता, लागत होता. बाळासोचा दिवा काही लागेना.

"चौकातल्या डब्यात बटण बंद हाय," बाळासो म्हणाला. "असा गेलो, असा आलो! मग बघा, ह्या पाईपवाल्याची गरजच न्हाय!"

त्यानं फटफटीला किक मारली. फटफटीच्या सायलेन्सरची पुंगळी काढलेली होती. असा आवाज झाला, की घुगऱ्यांच्या पातेल्यावरचं झाकण नाचलं.

आणि घात तिथंच झाला! दिवाळीच्या पाडव्याला इथं म्हशी सजवून गाडीमागं पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात घुंगरू, कपाळाला मोरपिसं. मालक पुंगळी काढलेल्या गाडीवर पुढं, म्हैस त्या आवाजावर मागं. कृष्णातनं मैनेला रेडी असल्यापासनं तयार केलेली. तीन पाडवे तिनं पहिला नंबर सोडला नव्हता. तो आवाज कानावर पडला की तिला दावं, खुंटा, वैरण, मालक, काही म्हणजे काही दिसायचं नाही!

गोठ्यात खुंटा मोडल्याचा कडाड् आवाज आला. मैनेनं मान उडवली, लोंबता फास दोन्ही शिंगांत बरोबर बसला, आणि आमची पाडव्याची राणी चौखूर सुटली!

पहिल्यांदा पाईप गेला. बाळासोनं गाठ एवढी घट्ट मारली होती, की पाईप सयाजीसकट वळला. पाईप गल्लीत गेला आणि सयाजी शेणींत. कमरेपर्यंत. मग चार घरांच्या कौलांवरनं वायर सपासप निघाली. तिच्याबरोबर टीव्हीची केबलही निघाली. आणि सोप्यात, ज्या डब्याला ती वायर खोचली होती तो डबा, त्याच्या पोटाशी मॉनिटर, मॉनिटरखाली पाळणा, असं सगळं एका झटक्यात खिडकीकडं झेपावलं!

"लेकरूऽऽ!" झुंबरबाईनं किंकाळी फोडली. ऐंशी वर्षांच्या त्या बाईनं उडी मारून पाळणा अडवला आणि मॉनिटर छातीशी कवटाळला. "बया गं! लागलं असतं की लेकराला!"

वायर सुटली. पाळणा परत आला. कुंचीतला मॉनिटर शाबूत होता. बायका रडत होत्या.

बाहेर मात्र बाळासोनं आरशात बघितलं. मागं मैना! त्यानं गाडी पिळली. गाडी जोरात, म्हणून आवाज जोरात. आवाज जोरात, म्हणून म्हैस जोरात. तिच्या मागं दोनशे हात वायर फणा काढल्यासारखी उडत होती. वायरीमागं फेटा सावरत कृष्णात.

"बाळासोऽऽ! गाडी बंद कर! बंद कर, म्हंजे थांबतिया!"

पुंगळी काढलेल्या गाडीवर बसलेल्या माणसाला मागचं ऐकू येतं का कधी?

"आयला! आज पाडवा हाय व्हय?" पानपट्टीवाला म्हणाला.

"नाद खुळा, कृष्णातदा! पुढच्या वर्षी बी पहिला नंबर!" कुणीतरी शिट्टी मारली.

घराघरांत टीव्हीवर मॅच चालू होती. शेवटची षटकं. सगळ्या पडद्यांवर एकदम मुंग्या आल्या, आणि सगळी गल्ली बाहेर आली. आता बाळासोच्या मागं म्हैस, म्हशीच्या मागं कृष्णात आणि कृष्णातच्या मागं गल्ली, अशी मिरवणूक पेठेला वळसा घालून चौकात आली. तिथं बाळासोची गाडी बंद पडली. मैना जागच्या जागी उभी राहिली. तिनं मायेनं बाळासोची पाठ मानेपर्यंत चाटली.

"कृष्णातदा, हिला सांगा की, मी मालक न्हवं!" बाळासो डोळे मिटून म्हणाला.

कृष्णातनं घड्याळ बघितलं. चारला दहा कमी! आर्यन समोर दिसायला लागला. त्यानं मैनेचा कान धरला आणि घराकडं धाव ठोकली. मैनेच्या शिंगांवरनं वायर मुंडावळ्यांसारखी दोन्हीकडं डोलत होती.

घरी आला, तर अंगाला शेणीचा भुगा लागलेला सयाजी मोडका पाईप घेऊन परत गच्चीवर उभा! आता ढीगच पसरला होता, त्यामुळं टॉवर सरळ दिसत होता. तीन वाजून सत्तावन्न मिनिटांनी सयाजीचा दिवा हिरवा झाला. आणि झाला तो झालाच! राजनंदिनीनं तीन ठिकाणी टिचक्या मारल्या. पडद्यावर काहीतरी हललं. पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी! बायकांनी श्वास रोखला. धोंडुबाईनं डोळ्याला पदर लावला. कृष्णात पाळण्यावर वाकला, तीट लावलेल्या काचेवर नाक टेकवून.

"नाक बघा! नाक आमच्या हंबीररा…"

चार वाजले. लाईट गेली.

पंखा थांबला. मॉनिटर काळा झाला. हिरवा दिवा गेला, तांबडा दिवा गेला, सगळे दिवे गेले. भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, पेपरातून कापून चिकटवलेलं लोडशेडिंगचं वेळापत्रक होतं. स्वतः कृष्णातनं चिकटवलेलं. 'रविवार : सायंकाळी ४ ते ७.'

वायरीचं का बिनवायरीचं, यावर सकाळपासनं भांडलेल्या माणसांना आता कळलं, की दोघांच्या तोंडात घास घालणारी बाई एकच, वीज, आणि ती रविवारी चारला माहेरी जाते.

"माझं लागलं हुतं," गच्चीवरनं सयाजीचा क्षीण आवाज आला. "सगळ्यांनी बघितलंय. माझं लागलं हुतं."

तेवढ्यात कोनाड्यातला टेलिफोन वाजला. साधा, काळा, तबकडीचा. त्याला लोडशेडिंग माहीत नव्हतं. कृष्णातनं झडप घातली.

"आबा, पडदा गेला की!" विजयसिंह होता. मागं विहीणबाईंचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "चार वाजून तीन मिनिटं झाली आहेत. आमच्या नागपूरच्या ताई तयार आहेत. मुहूर्त जातोय!"

"थांबवा त्या बाईला!" कृष्णात गरजला. "फोन लाव पोराच्या कानाला! आत्यानं कानात सांगायचं, एवढीच रीत हाय न्हवं? दिसलं पाहिजे आसं कुठं लिवलंय? राजू! ये हिकडं! घे! सांग!"

सगळ्यांच्या नजरा राजनंदिनीकडं वळल्या. तिनं रिसीव्हर घेतला. पदराचा आडोसा केला. तोंड अगदी जवळ नेलं.

"कुर्रऽऽऽ…"

पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. कारण 'कुर्र' म्हटल्याबरोबर आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत, आणि तीन वाजल्यापासनं ताटकळलेल्या पन्नास बायकांचे हात शिवशिवत होते. असे धपाटे बसले, की राजनंदिनी दोन पावलं पुढं गेली. झुंबरबाईनं तर दोन्ही हातांनी घातला.

"झालं!" कृष्णातनं फेटा हवेत उडवला. "हंबीरराव! हंबीरराव आला! धोंडे, वाट घुगऱ्या! त्या मॅचवाल्यांना बी दे!"

गल्लीभर घुगऱ्या वाटल्या गेल्या. बाळासो आणि सयाजी एकाच पायरीवर बसून एकाच द्रोणात खात होते. कृष्णातनं मिशीला पीळ देऊन लोंबकळता रिसीव्हर उचलला. विहीणबाईंना दोन शब्द सुनवायची संधी आयुष्यात पुन्हा कुठं येणार!

"काय मग, विहीणबाई? ऐकलासा न्हवं नाव?"

"ऐकलं हो! बाळाच्या कानाला माझाही कान चिकटलेला होता. हे काय नाव सांगितलं तुमच्या मुलीनं?"

"का? हंबीरराव म्हटल्यावर जर्मन घाबरलं काय?"

"कसला हंबीरराव? पृथ्वीराज म्हणाली ती! पृथ्वीराज!"

"पृथ्वीराज?"

"आता तुम्हीच विचारा तिला!"

कृष्णातनं रिसीव्हर ठेवला. चार महिन्यांत पहिल्यांदाच व्याही आणि विहीणबाई यांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. दोघंही हरले होते! तो सावकाश वळला. राजनंदिनी पाठ चोळत घुगऱ्या खात होती.

"राजू. कुणाचं नाव हे?"

"बाळाचं."

"कुणी ठरवलं?"

"वहिनीनं." मनाली, म्हणजे बाळाची आई. "तुम्ही हंबीरराव, हंबीरराव करत बसलासा. तिची आई आर्यन, आर्यन करत बसली. जिनं नऊ महिने पोटात वागवलं, तिला एकानं तरी विचारलं? मी विचारलं. तिला पृथ्वीराज पाहिजे हुतं. मी म्हटलं, मी सांगतो की!"

धोंडुबाईनं मान खाली घातली, पण तिच्या तोंडावरचं हसू कृष्णातला दिसलंच. झुंबरबाई मॉनिटरची कुंची सोडत पुटपुटली, "चांगलं हाय की नाव. राज हाय त्यात."

"पण कधी विचारलंस?" कृष्णात खाली बसला. "फोन तर आमच्यासमोर असतोय."

"दोन महिने झालं, आबा. रोज बोलतोय आम्ही दोघी. मेलवर. बाळाचे फोटो बी येतात. ऑफिसातनं बघतो मी."

"कागलास्नं?"

"व्हय."

कृष्णातनं दारातनं बाहेर बघितलं. मैना शिंगांत वायर घेऊन रवंथ करत होती. गल्लीत पाईप आडवा पडला होता. पायरीवर मेव्हणा आणि बाळासो द्रोण चाटत होते.

"म्हंजे तुझ्या ऑफिसात नेट हाय?"

"हाय की. दोन वर्षं झालं."

कृष्णात तिच्याकडं सरकला. मग हळूच, पायरीवरच्या दोघांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, त्यानं विचारलं,

"वायरचं का बिनवायरचं?"

राजनंदिनीनं घुगरीचा दाणा तोंडात टाकला.

"कुणाला ठाऊक, आबा! मी कधी बघितलंच न्हाय!"